रणगाड्याची ठिणगी कोणी खाल्ली?

१

"फितूर!" हा शब्द खिडकीतून आत आला तेव्हा शेवंतीच्या हातावर भाकरी होती. तिनं ती परातीत आपटली, पदर खोचला आणि जिना उतरली. उतरणारच. त्या शब्दाच्या मागोमाग तिच्या नवऱ्याचं नाव आलं होतं.

लालबागच्या त्या चाळीच्या पटांगणात कोंडीरामचा ट्रक उभा होता. महायुद्धात लष्करानं पिदडलेला आणि मग भंगारात काढलेला हा ट्रक कोंडीरामनं पुन्हा उभा केला होता. चाळ त्याला रणगाडा म्हणायची. एरवी तो गिरण्यांना कापसाच्या गाठी पोचवायचा. आज त्याच्यावर दोन कर्णे बांधले होते, पताका लावल्या होत्या आणि मागं सतरंज्या अंथरल्या होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवरून जानेवारीत झालेल्या गोळीबारात ज्यांची मुलं गेली त्या म्हाताऱ्या आया त्यावर बसून बायकांच्या मोर्चाच्या पुढं फोर्टात जायच्या होत्या. त्यांना एवढं चालवणार नव्हतं. चालायचं म्हणाल्या असत्या, हट्टी होत्या, पण चालवणार नव्हतं.

आणि रणगाडा सुरू होत नव्हता. कोंडीरामनं पुढून हँडल मारमारून अंगातला सदरा भिजवला होता. इंजिन नुसतं फिरायचं, पेटायचं मात्र नाव नाही.

"काल दिवसाउजेडी गाडी लावली आणि हा गेला कुठं? नायगावला! पोलीस लायनीत!" बुधाजी ओरडत होता. बुधाजी म्हणजे चाळीच्या समितीचा पुढारी, गिरणीत सायझिंग खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम. तोंडानं फटकळ, पण मोर्चा म्हटलं की सगळ्यांच्या पुढं. "बहीण हवालदाराच्या घरात. रात्रभर तिथं राहिला, सकाळी आला आणि गाडी मेली. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

"गेलो होतो," कोंडीराम म्हणाला. "का गेलो ते नाय सांगणार."

"ऐकलंत? फितूर आपल्या तोंडानं बोलतोय!"

शेवंतीला ठाऊक होतं तो का गेला ते. कोंडीरामची बहीण दुर्गा, हवालदाराची बायको, आज तोंडावर पदर ओढून परळच्या नाक्यावर मोर्चात घुसणार होती. कुठं थांबायचं, कोणाबरोबर चालायचं, ते सांगायला तो गेला होता. हे चव्हाट्यावर आलं तर हवालदाराची नोकरी गेली आणि दुर्गाचं घर बसलं. त्यामुळं नवऱ्याला सोडवायचा शब्द शेवंतीच्या जिभेवर होता आणि तो तिला गिळावा लागत होता. असा संताप तिला जन्मात आला नव्हता.

"भावजी," ती बुधाजीच्या समोर जाऊन उभी राहिली, "शब्द जपून वापरा."

"बायका नाक्यावर जमल्या की मोर्चा निघणार," बुधाजी म्हणाला. "तोवर गाडी सुरू झाली नाही, तर ह्याच कर्ण्यावरून सगळ्या गिरणगावाला ह्याचं नाव सांगणार. मग कुठल्या चाळीत खोली मिळते ते बघा."

"सांगा! खुशाल सांगा! पण आधी दाखवा, माझ्या माणसानं काय केलं ते. दाखवता आलं नाय तर मी त्याच कर्ण्यावरून तुमचं नाव घेईन, आणि माझा आवाज तुमच्यापेक्षा मोठा आहे!"

गर्दीतून कोणीतरी हसलं. पण कोंडीरामच्या बाजूला येऊन कोणी उभं राहिलं नाही. शेवंतीनं ते नीट बघून ठेवलं.

२

तेवढ्यात गर्दी सारत एक उंच बाई पुढं आल्या. अंगावर पांढरं पातळ, काखेत औषधांची पेटी. गिरगावच्या राजलक्ष्मीबाई विजयकर. लाठीमार झाला तर मलमपट्टी करायला त्या मोर्चाबरोबर जाणार होत्या. पाठारे प्रभूंच्या जुन्या घराण्यातल्या, पण लढाईच्या दिवसांत खाकी गणवेश चढवून लष्कराच्या लॉऱ्या चालवलेल्या. घरचे ती गोष्ट पाहुण्यांपुढं काढत नसत. बाई मात्र कोणी विचारलं नाही तरी सांगत.

"हा ट्रक ओळखीचा आहे माझ्या," त्या म्हणाल्या. "ह्याच्या भावंडांनी माझे हात सोलून काढलेत. काय झालं?"

"फितुरी झाली!" बुधाजी म्हणाला.

"ती इंजिनच्या कुठल्या भागाला होते हो? बॉनेट उघडा."

कोंडीराम आडवा आला. बॉनेटला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे. एकदा बुधाजीनं नुसतं रेडिएटरचं झाकण फिरवलं म्हणून दोघांची गचांडी धरण्यापर्यंत वेळ आली होती.

"ड्रायव्हर," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, "गाडी तुमची आहे, मान्य. पण मघापासून चार माणसं तुमच्या कानात ओरडतायत. अशानं कोणाचंही डोकं चालणार नाही. तुम्ही हँडल मारा, मी बघते. हवं तर शिव्या द्या."

कोंडीरामनं शेवंतीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं बॉनेट उघडलं.

बाईंनी आधी हॉर्न दाबला. सगळं पटांगण दचकलं. "बॅटरी ठणठणीत." मग कॉइलची जाड वायर काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरलं. कोंडीरामनं हँडल मारलं. तिथं निळी ठिणगी उडायला हवी होती. काही नाही. पुन्हा मारलं. काही नाही.

"पेट्रोल आहे, हवा आहे, पण पेटवणारी ठिणगीच नाही," त्या म्हणाल्या. "कोणीतरी ठिणगी खाल्ली."

त्यांनी डेल्कोचं, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं टोपण उघडलं. आत दोन बारीक पॉइंट असतात. इंजिन फिरलं की ते एकमेकांना भिडतात आणि सुटतात, आणि सुटताना कॉइल ठिणगी टाकते. दोन्ही पॉइंट चकचकीत होते.

"मीपण सकाळी बघितले," कोंडीराम म्हणाला. "नवीन असल्यासारखे आहेत."

"तुम्ही घासलेत?"

"नाय. काळे पडले होते, आज सकाळी घासणार होतो." आणि तो बोलता बोलता थांबला.

राजलक्ष्मीबाईंनी एकदम मान वर केली. "मग घासले कोणी?"

३

आता बाईंना रंग चढला. त्यांनी पॉइंट भिडलेले ठेवले आणि स्क्रू-ड्रायव्हरनं ते उचलून सोडले. ठिणगी नाही. मग त्याच स्क्रू-ड्रायव्हरनं वरचा पॉइंट थेट गाडीच्या लोखंडाला जोडला आणि झटक्यात काढला. कॉइलच्या वायरीतून टचकन निळी ठिणगी उडाली. बायकांनी "अगो बाई!" केलं.

"बघितलंत? करंट वरच्या पॉइंटपर्यंत येतोय. कॉइल चांगली, वायरी चांगल्या. दोन पॉइंट भिडलेले दिसतात, पण भिडत नाहीत. मध्ये काहीतरी आहे, डोळ्यांना न दिसणारं."

"म्हणजे कोणीतरी मुद्दाम घातलं! आणि गाडीला ह्याच्याशिवाय कोण हात लावतो?" बुधाजी म्हणाला.

"ते विचारायलाच मी उभी आहे. काल ड्रायव्हर गेल्यावर ह्या गाडीजवळ कोण कोण होतं?"

कर्णेवाला आनंदा पुढं आला. सडपातळ, बोटांना खळ वाळलेली, डोळे झोपेनं तांबारलेले. त्यानं रात्र पोस्टरं चिकटवण्यात घालवली होती. "मी होतो, बाई. दिवेलागणीला कर्णा लावून बघितला. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू केलं होतं."

शेवंती तरातरा पुढं आली. "काय म्हणालास? चालू केलं? कोणी?"

"मीच. हँडल मारलं, झालं चालू. खोकत होतं, पण चाललं."

"अरे मेल्या, मग मघापासून तोंड काय शिवलं होतंस काय?" शेवंती कडाडली. "हे तर उजेडातच नायगावला गेले होते! ह्यांच्या मागं गाडी चालली म्हणजे ह्यांनी ती कशी बिघडवली?"

आनंदा खाली बघायला लागला. "मला कोणी विचारलं नाही, वहिनी. आणि बुधाजीकाका एवढे ओरडत होते..."

शेवंतीनं गर्दीकडं पाहिलं. ज्या नायगावावरून तिच्या माणसाला शिव्या खाव्या लागल्या, तेच नायगाव त्याला सोडवत होतं. तो रात्रभर इथं नव्हता, आणि गाडी रात्रीतच मेली होती. तिला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. पण बुधाजीचं तोंड अजून मिटलं नव्हतं.

"कोणाला तरी सांगून गेला असेल! एकट्याचं काम नाही हे."

"इंजिन खोकत होतं तेव्हा जवळ कोण होतं, आनंदा?" राजलक्ष्मीबाईंनी विचारलं.

"बुधाजीकाका होते. हसले पण. म्हणाले, रणगाड्याचे दात घासायला झालेत. मग मी खळीची बादली घेऊन पोस्टरं लावायला गेलो."

"मी काय मेकॅनिक आहे?" बुधाजी म्हणाला. "म्हाताऱ्या जाईबाई तिथंच बॅनर शिवत बसल्या होत्या, त्यांना विचारा."

४

बाईंनी जाईबाईला नंतर विचारू म्हटलं आणि पेटी उघडली. लाठीच्या जखमांसाठी भरून घेतलेली टिंक्चर आयोडीनची बाटली काढली. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, तो आयोडीनमध्ये भिजवून अलगद पॉइंटवर टेकवला.

तांबूस थेंब बघता बघता निळाकाळा झाला.

"आयोडीन असं कशानं होतं, कोणी सांगेल?"

"भातावर सांडलं की होतं," मागून एक बाई म्हणाली. "आमच्या थोरल्याचं औषध सांडलं होतं ना, तेव्हा."

"बरोब्बर. भात, पीठ, कांजी. पॉइंटवर पिठाच्या पाण्याचा पापुद्रा वाळलाय. करंट त्यातून जात नाही."

पिठाचं पाणी म्हणजे खळ. आणि खळ कोणाच्या बोटांना होती? गर्दीला विचार करावा लागला नाही. सगळे डोळे आनंदाकडं वळले.

"ह्यानंच!" "फितूर हा आहे!" "हाणा त्याला!" मघाशी कोंडीरामवर ओरडणारी तोंडंच ती. कोणीतरी आनंदाची कॉलर धरली. आनंदा पांढराफटक पडला. त्यानं खळीची बोटं पाठीमागं लपवली.

शेवंती मध्ये घुसली आणि कॉलर धरणाऱ्याच्या हातावर तिनं सणसणीत फटका मारला. "सोडा! लाज वाटत नाय? तासाभरात दोन फितूर झाले तुमचे! जेवायच्या आत आणखी किती करणार?"

"खळ आहे त्याच्या हाताला!"

"खळ? ह्या गिरणगावात खळ कोणाच्या हाताला नाय?" शेवंती म्हणाली. रागाच्या भरात बोलून गेली खरी, पण बोलल्यावर स्वतःच गप्प झाली. ती गिरणीत सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात काम करायची. खळ म्हणजे काही फक्त पोस्टरची नाही. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला गिरणीत जी पाजतात, तीसुद्धा खळच.

"बाई," ती हळूच म्हणाली, "जाईबाईला विचारा. आत्ताच विचारा."

५

जाईबाई मघापासून रागानं फुगून बसली होती. तिला कोणी विचारतच नव्हतं. "माका विचारतास? आता विचारतास? माझ्या बॅनराच्या कापडाची हातभर पट्टी कोणी फाडल्यान, ता सांगा आधी! मी जेवूक गेलंय आणि इलंय तर किनार गायब! कोरा करकरीत कापड ता!"

राजलक्ष्मीबाईंनी बॅनरचा कोपरा हातात घेतला. गिरणीतून थेट आलेलं, एकदाही न धुतलेलं कापड. कडक, कागदासारखं वाजणारं. त्यावर त्यांनी आयोडीनचा थेंब टाकला.

थेंब निळाकाळा झाला. "माझा बॅनर!" जाईबाई किंचाळली.

"आनंदाची पोस्टरची खळ असती तर पॉइंटवर गुठळ्या दिसल्या असत्या," बाई म्हणाल्या. "तिच्यात पिठाचा चोथा असतो. आणि ज्याला गाडी बिघडवायची आहे तो पॉइंट आधी घासून चकचकीत कशाला करेल? हे काम गाडी बिघडवणाऱ्याचं नाही. हे गाडीचं भलं करायला निघालेल्या माणसाचं आहे. इंजिन खोकत होतं. त्याला वाटलं, मालक नाही तोवर पॉइंट साफ करून ठेवू. हाताशी दुसरं फडकं नव्हतं. त्यानं कोऱ्या कापडाची पट्टी फाडली, पाण्यात भिजवली आणि पॉइंटच्या मधून चांगली फिरवली. काळं निघालं, पॉइंट चमकले. पण कापडातली खळ पाण्यात सुटली आणि पॉइंटवर रात्रभर वाळली. मालक बॉनेटला हात लावू देत नाही, म्हणून त्यानं कोणाला सांगितलंही नाही. आणि आपण गाडी सुधारली आहे अशी त्याची खात्री, म्हणून सकाळी बिघाडाचा आळ दुसऱ्यावर..."

त्यांना वाक्य पुरं करावं लागलं नाही.

बुधाजीनं आपल्या कपाळावर इतक्या जोरात हात मारला की मागच्या बायकांना ऐकू गेला. शेवंती त्याच्याकडंच बघत होती. तो ट्रकच्या मडगार्डला टेकला.

"कोरं कापड," तो म्हणाला. "कोरं कापड, आई शपथ! मी सायझिंगचा जॉबर! आख्खा जन्म सुताला खळ पाजण्यात गेला माझा. मी स्वतः घातलेली खळ... माझ्या ध्यानात कशी आली नाही?"

"घरचं रोजचं असलं की कोणाच्याच ध्यानात येत नाही," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "शेवंती, जुनं फडकं आण. धुवून धुवून विरलेलं. आणि ऊन पाणी."

शेवंतीनं गोधडीचा विरलेला तुकडा फाडून आणला. पॉइंट ऊन पाण्यानं पुसले, कोरडे केले, पेट्रोलचा हात फिरवला. हे सगळं कोंडीरामनं स्वतः केलं, कोणाला करू दिलं नाही. टोपण बसवलं. हँडल एकदाच मारलं.

रणगाडा गर्जला. काळ्या धुरात पताका हलल्या आणि सतरंजीवर बसायला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले.

६

बुधाजी ट्रकवर चढला आणि आनंदाच्या हातून माइक घेतला.

"ऐका. कोंडीराम फितूर नाही. गाडी मी बिघडवली. अडाणीपणानं बिघडवली, हात लावल्याचं लपवलं आणि आळ त्याच्यावर घातला. आनंदापण फितूर नाही. हे मी सगळ्यांना सांगतो."

कर्ण्यातून शब्द रस्त्यापर्यंत गेले. मग मागून एक आवाज आला, "म्हणजे फितूर बुधाजीच की!" आणि दुसरा आला, "उतरवा त्याला खाली!" तीच तोंडं. शेवंतीला वाटलं, बरी खोड मोडली, घे आता. खरंच वाटलं. सकाळपासून ती हेच मागत होती.

पण कोंडीराम ट्रकवर चढला. सकाळपासून दोन-चार वाक्यांपलीकडं न बोललेला माणूस. त्यानं बुधाजीच्या हातातला माइक काढून घेतला.

"तुम्ही ह्या आयांना त्यांच्या पोरांवर गोळ्या घालणाऱ्यांच्या दारात नेताय," तो म्हणाला, "आणि इथं आपसात फितूर शोधताय? ही गाडी माझी आहे. फितूर हा शब्द ह्या गाडीत बसणार नाय. ज्याला तो तोंडात ठेवायचाय, त्यानं चालत यावं. नाहीतर घरी जावं."

ओरडणारे दोन पावलं मागं सरले.

मग तो बुधाजीकडं वळला. "आणि तू. बॉनेटला पुन्हा हात लावलास तर हँडल डोक्यात घालीन. बस खाली. आयांजवळ बस, त्यांना धर. रस्ता खराब आहे."

बुधाजी बसला. मान वर करायचं त्याला जमलं नाही, पण शेजारच्या म्हातारीच्या खांद्याला त्यानं हात दिला आणि तिनं तो घेतला. शेवंतीला रडू फुटलं आणि ते तिनं लपवलं नाही. तिनं ह्या माणसाशी लग्न केलं तेव्हा तो एवढा मोठा आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

राजलक्ष्मीबाई पेटी घेऊन कोंडीरामच्या शेजारी बसल्या. आनंदानं माइक शेवंतीच्या हातात दिला. ती पायरीवर उभी राहिली, एका हातानं दार धरलं.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." ती ओरडली.

"झालाच पाहिजे!" मघाची तीच तोंडं, म्हाताऱ्या, जाईबाई, बुधाजी, सगळे ओरडले, आणि रणगाडा नाक्याकडं निघाला.